मराठी मजकुरासाठी शॉर्टकट बसवताना

मी घरी बसून मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासते. पूर्वी कागदी प्रुफं यायची, नंतर वर्डच्या फाइली येऊ लागल्या. मग एका प्रकाशनाने ई-बुकचं काम वाढवलं आणि कळवलं की यापुढे मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, मार्कडाउनच्या खुणांसह हवा. म्हणजे प्रकरणाच्या नावाआधी #, तिरप्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना *, तळटीपेच्या आकड्याला चौकटी कंस. त्यासाठी व्हीएस कोड हा एडिटर वापरा, असंही सांगितलं. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, फुकट मिळतो आणि २०१५ साली आला. बनवलाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. पण त्यात मराठी नीट दिसतं, पाचशे पानांची फाइल अडखळत नाही, आणि कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं हे जवळजवळ सगळं आपल्याला ठरवता येतं. ही शेवटची गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर सुरुवातीचे काही आठवडे इतके जड गेले नसते. मराठीत लिहिणाऱ्या, प्रोग्रॅमिंगशी संबंध नसलेल्या माणसासाठी लिहिलेली माहिती मला कुठे मिळाली नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

आधी अडचण काय होती ते सांगते, कारण ती मराठी टाइप करणाऱ्यालाच येते. मी इनस्क्रिप्ट वापरते. ही मांडणी १९८६ साली सरकारने प्रमाण म्हणून ठरवली. बहुतेक भारतीय भाषांना एकच, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. हात बसला की वेग छान येतो. पण आपली अक्षरं जास्त, बटणं तेवढीच. त्यामुळे इंग्रजीत जिथे चिन्हं असतात तिथे आपल्याकडे अक्षरं बसली आहेत. तिरप्या रेघेच्या बटणावर य आहे. अर्धविरामाच्या बटणावर च. अवतरणचिन्हाच्या बटणावर ट, आणि शिफ्ट धरलं की ठ. चौकटी कंसावर ड. शिफ्ट-८ दाबलं की * येत नाही, श्र येतो. शिफ्ट-३ ला # येत नाही, ‘प्र’मधला र येतो. माझ्या लॅपटॉपवरच्या मांडणीत तर प्रश्नचिन्हही नव्हतं.

आता कादंबरीतला संवाद डोळ्यांसमोर आणा. अवतरण उघडायचं, म्हणून विंडोज-स्पेस दाबून इंग्रजीत जा, चिन्ह टाका, परत विंडोज-स्पेस दाबून मराठीत या. वाक्य लिहा. प्रश्न असेल तर पुन्हा इंग्रजी. अवतरण बंद करा. पुन्हा मराठी. एका पानावर असे दहा-बारा संवाद असतात. त्यात मार्कडाउनच्या खुणांची भर पडली. मुख्य म्हणजे आत्ता कोणती भाषा चालू आहे हे डोक्यात राहायचं नाही. प्रश्नचिन्ह म्हणून दाबावं आणि मजकुरात भलतंच अक्षर उमटावं. संध्याकाळी डावा अंगठा दुखायचा, आणि त्याहून जास्त, वाचनातलं लक्ष उडायचं. मुद्रितशोधकाचं लक्ष उडालं की चूक छापली जाते. मला खरी भीती तीच होती.

मोठा कीबोर्ड असेल तर उजवीकडच्या आकड्यांच्या भागात *, / आणि + ही चिन्हं मराठी चालू असतानाही मिळतात. त्याच भागावर आल्ट धरून ६३ दाबलं तर प्रश्नचिन्ह येतं. जुने टाइपिस्ट हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. माझ्या लॅपटॉपला तो भागच नाही.

दुसरा त्रास वर्डच्या सवयीमुळे झाला. ठळक करायला हाताने आपोआप कंट्रोल-बी दाबलं आणि डावीकडची फाइलींची यादी एकदम गायब झाली. मला वाटलं, फाइली पुसल्या गेल्या. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-बी म्हणजे डावा पट्टा उघडणं-मिटणं. पुन्हा दाबलं की यादी परत येते. त्याहून धोक्याचं कंट्रोल-एक्स. काहीही निवडलेलं नसताना ते दाबलं तर इथे कर्सर असलेली अख्खी ओळ उचलली जाते. प्रोग्रॅममध्ये ओळ छोटी असते. आपल्या मजकुरात एक परिच्छेद म्हणजे एक ओळ, त्यामुळे पूर्ण परिच्छेद जातो. कंट्रोल-झेडने तो परत येतो, पण गेलेला दिसला पाहिजे ना. सेटिंगमध्ये ‘एम्प्टी सिलेक्शन क्लिपबोर्ड’ शोधून तिथली खूण काढली की हा प्रकार थांबतो. मजकुरावर काम करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं.

आणि परिच्छेद पडद्याच्या उजवीकडून बाहेर निघून जायचे. वाचायला आडवं सरकत राहावं लागायचं. पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, “आत्या, आल्ट-झेड दाब.” दाबलं आणि ओळी पडद्याच्या रुंदीत दुमडल्या. एवढ्या छोट्या गोष्टीने मला फार बरं वाटलं. मी या एडिटरमध्ये शिकलेला पहिला शॉर्टकट तो.

भाच्याने त्या फोनवर आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, एफ-१ दाबायचं. वर एक पट्टी उघडते, त्यात हव्या त्या कामाचं नाव इंग्रजीत टाइप करायचं, आणि त्या कामाला शॉर्टकट असेल तर तो नावासमोरच लिहिलेला दिसतो. म्हणजे शॉर्टकट पाठ करायची गरज नाही. काम पट्टीतून करत राहायचं, आणि तेच तेच करतोय असं वाटलं की समोरची बटणं दोनदा वाचायची. दुसरी गोष्ट, कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-एस दाबलं की सगळ्या शॉर्टकटचा तक्ता उघडतो.

या दुसऱ्या गोष्टीपाशी नवीन माणूस अडतो. इथे दोन पायऱ्यांचे शॉर्टकट असतात. पहिली पायरी दाबली की खालच्या पट्टीवर सूचना येते की दुसऱ्या बटणाची वाट पाहतोय. कंट्रोल-के दाबून सोडलं आणि मग नुसतं एस दाबलं तर तक्ता उघडत नाही, उघडलेल्या सगळ्या फाइली सेव्ह होतात. तक्त्यासाठी दुसऱ्या वेळीही कंट्रोल धरलेलंच हवं. मधेच काय चाललंय कळेनासं झालं तर एस्केप दाबायचं.

तक्ता मी बराच वेळ नुसता वाचला. कामाचं नाव, त्याची बटणं, ते कधी लागू होतं, आणि ते मुळात कंपनीने दिलेलं की आपण लावलेलं, असे रकाने आहेत. वर शोधायच्या चौकटीत कीबोर्डचं छोटं चित्र आहे. ते दाबून हवी ती बटणं दाबली की त्यांच्यावर आधीपासून काय काय बसलंय ते समोर येतं. माझ्या मते नवीन माणसासाठी या पडद्यावरची सगळ्यात उपयोगी जागा ही. कोणत्याही बटणाला हात लावण्याआधी तिथे विचारायचं. ओळीवर दोनदा क्लिक केलं की नवीन बटणं दाबून एंटर करायचं, झालं. ती बटणं दुसरीकडे वापरात असतील तर त्याच चौकटीत खाली तसं लिहून येतं.

भाच्याच्या मित्राने मला विम हा दुसरा एडिटर वापरायचा आग्रह केला. त्याचं म्हणणं, एकदा विम आलं की माउसला हातच लागत नाही. विमचं मूळ वीआय, ते बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिलं. त्यांच्या टर्मिनलवर बाणाच्या खुणा एच, जे, के, एल या बटणांवर होत्या, म्हणून आजही तिथे कर्सर त्या चार बटणांनी हलतो. विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी आणि हलण्याची वेगळी. मी मराठी चालू ठेवून हलायला गेले. इनस्क्रिप्टमध्ये त्या चार बटणांवर प, र, क, त आहेत. विमला ती अक्षरं म्हणजे आज्ञा वाटत नाहीत, त्यामुळे काहीच हलेना. शोधायला तिरपी रेघ लागते, तिथे य. यावर विममध्येच उपाय आहे. भाषेचा कीमॅप विमच्या आतच लावून घेतला की संगणक इंग्रजीवर ठेवून फक्त लिहितानाच मराठी उमटवता येतं. ईमॅक्स या एडिटरमध्येही देवनागरी इनस्क्रिप्ट आतून मिळतं, कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून ते चालू-बंद करता येतं. ज्यांना या एडिटरची आधीपासून सवय आहे त्यांनी हे जरूर करावं. मला हातात आलेलं पुस्तक वेळेत द्यायचं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

नंतर लॅरी टेसलर यांच्याबद्दल वाचलं. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी जिप्सी नावाचा एडिटर केला. मजकूर कापणं, नक्कल करणं, चिकटवणं आज आपण ज्या रीतीने करतो ती तिथून आली. एडिटरमध्ये अशा वेगवेगळ्या अवस्था असूच नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांनी ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. २०२० साली ते गेले. नवीन माणसाबद्दल इतका विचार करणारा कुणीतरी होता हे वाचून मला धीर आला.

शॉर्टकट लावायला बसण्याआधी मी एक केलं, त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. काम करताना शेजारी वही ठेवली. भाषा बदलावी लागली की कशासाठी ते लिहायचं आणि पुढे रेघ ओढायची. माउस हातात घ्यावा लागला तरी तसंच. मला वाटलं होतं की # आणि * च्या रेघा जास्त होतील. तसं झालं नाही. दुहेरी अवतरणचिन्हं फारच पुढे होती, त्यामागे प्रश्नचिन्ह, मग लेखकाला विचारायच्या शंका. # तर प्रकरणाला एकदाच लागतो. त्याच्यासाठी बटण अडवायचं काहीच कारण नव्हतं.

मग बटणं कोणती निवडायची. कंट्रोल आणि आल्टची जोडी मी पहिल्यांदा विचारात घेतली, कारण ती मोकळी वाटते. पण विंडोजमध्ये कंट्रोल-आल्ट म्हणजे उजव्या आल्टसारखं धरलं जातं, आणि उजव्या आल्टवर बऱ्याच मांडण्यांमध्ये जास्तीची अक्षरं असतात. इंग्रजी (भारत) मांडणीत उजवा आल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं. तिथे गोंधळ नको म्हणून ती जोडी सोडली. नुसत्या आल्टबरोबर एफ, ई, व्ही, एच अशी अक्षरं दाबली की वरचे मेनू उघडतात. चिन्हांच्या बटणांवर तर मराठीत अक्षरंच आहेत. उरल्या वरच्या ओळीतल्या एफच्या कळा. मराठी असो की इंग्रजी, एफ-९ हे एफ-९ च राहतं. भाषा बदलली तरी न बदलणारं बटण, हे मला हवं होतं.

त्यातही निवड करावी लागली. एफ-१ ला हात लावायचा नाही, तिथे ती आज्ञांची पट्टी आहे. एफ-३ ने शोधलेला पुढचा शब्द सापडतो, ते मला रोज लागतं. एफ-११ ने पडदा पूर्ण होतो. एफ-१० विंडोजमध्ये मेनूकडे जायला वापरतात. एफ-५, एफ-९, एफ-१२ ही बटणं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांसाठी आहेत, पुस्तक तपासणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. मी एफ-९ दुहेरी अवतरणाला दिलं, शिफ्ट-एफ-९ एकेरीला. एफ-८ प्रश्नचिन्हाला. एफ-६ शंकेला.

पुढची अडचण अशी की तक्त्यातून फक्त तयार कामांची बटणं बदलता येतात. ‘इथे ही चिन्हं टाक’ हे सांगायचं तर शॉर्टकटची फाइल उघडून हाताने लिहावं लागतं. तक्त्याच्या वर उजव्या कोपऱ्यात कागदासारखं चित्र आहे, त्यावर ती उघडते. जेसॉन नावाच्या पद्धतीने लिहायची. मी ते नाव ऐकूनच घाबरले होते. प्रत्यक्षात प्रत्येक शॉर्टकटला महिरपी कंसात चार गोष्टी द्यायच्या असतात: कोणतं बटण, कोणतं काम, कधी लागू, आणि काय टाकायचं. काम म्हणून ‘इन्सर्ट स्निपेट’ ही आज्ञा. काय टाकायचं तिथे उघडणारं अवतरण, मग ‘निवडलेला मजकूर’ या अर्थाचा ठरीव शब्द, मग बंद होणारं अवतरण. हा ठरीव शब्द फार कामाचा आहे. वाक्य आधीच लिहिलेलं असेल तर ते निवडून एफ-९ दाबायचं, दोन्ही बाजूंना अवतरण लागतं. काही निवडलेलं नसेल तर रिकामं अवतरण येतं. आत डॉलर आणि १ असं लिहिलं की कर्सर तिथे थांबतो, बंद होणाऱ्या अवतरणानंतर डॉलर आणि शून्य लिहिलं की टॅब दाबल्यावर बाहेर पडतो.

भाच्याने पहिला नमुना फोनवरून पाठवला. मी तो जसाच्या तसा चिकटवला, तर सगळीकडे तांबड्या नागमोडी रेघा. आम्ही दोघांनी बराच वेळ कंस आणि स्वल्पविराम मोजले, सगळे जागच्या जागी होते. शेवटी मी अक्षरं मोठी करून पाहिली, प्रुफं पाहते तशी. अवतरणचिन्हं वळलेली होती. फोन सरळ चिन्हांची आपोआप वळलेली चिन्हं करून टाकतो. जेसॉनला बाहेरची अवतरणं सरळच लागतात. ती इंग्रजी मांडणीत पुन्हा टाइप केली आणि रेघा गेल्या. मजकुरात टाकायची चिन्हं मात्र वळलेलीच ठेवली, कारण पुस्तकात तीच हवीत. मेसेजमधून आलेला नमुना चिकटवणाऱ्याने हे आधी तपासावं. दुसरं तपासायचं म्हणजे दोन शॉर्टकटच्या मधला स्वल्पविराम.

एवढं करून एफ-९ दाबलं, तर काहीच झालं नाही. इथे मी जवळजवळ सोडूनच देणार होते. भाचा म्हणाला, एफ-१ च्या पट्टीत ‘कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ शोध. ते चालू केलं की दाबलेल्या प्रत्येक बटणाची नोंद खालच्या भागात उमटते, आणि त्याला कोणतं काम जोडलं गेलं तेही. कंट्रोल-बी ची नोंद आली. एफ-९ ची एकही ओळ येईना. म्हणजे बटण एडिटरपर्यंत पोचतच नव्हतं. लॅपटॉपवर एफच्या कळा बहुधा आवाज आणि उजेड कमी-जास्त करायला जोडलेल्या असतात, खरं एफ-९ हवं तर एफएन धरावं लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केप दाबलं की ही अदलाबदल कायमची होते. माझ्या लॅपटॉपवर झाली. मग एफ-९ दाबलं आणि “ ” उमटलं. त्या दिवशी मी एका प्रकरणाचे सगळे संवाद भाषा न बदलता तपासले.

‘कधी लागू’ ही तिसरी गोष्ट मी आधी मोकळी सोडली होती, ती नंतर भरली. तिथे लिहिता येतं की कर्सर मजकुरात असेल आणि फाइल मार्कडाउनची असेल तरच हा शॉर्टकट चालावा. यामुळे कंट्रोल-बी चा प्रश्नही सुटला. मार्कडाउनच्या मजकुरात असताना ते निवडलेल्या शब्दाला दोन्हीकडे दोन-दोन * लावतं, इतर ठिकाणी पूर्वीसारखा डावा पट्टा मिटवतं. वर्डमधून आलेल्या माणसाने हातांची जुनी सवय मोडण्यापेक्षा एडिटरला आपल्या सवयीजवळ आणावं, असं मला वाटतं. कंट्रोलबरोबरच्या झेड, एक्स, सी, व्ही, एस आणि एफ या बटणांना मात्र हात लावू नये. दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर ती तशीच लागतात.

शंकेचं एफ-६ मला सगळ्यात आवडतं. ते दाबलं की कोनी कंस, उद्गारचिन्ह आणि दोन छोट्या रेघांची खूण येते, तिच्या आत ‘शंका:’ हा शब्द, आणि कर्सर त्याच्यापुढे. अशा खुणेतला मजकूर ई-बुकमध्ये दिसत नाही. पूर्वी मी शंका वेगळ्या कागदावर लिहायचे, पानांचे आकडे बदलले की सगळं चुकायचं. आता काम संपल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून ‘शंका:’ शोधते. सगळ्या प्रकरणांतल्या शंका एका यादीत येतात. तीच यादी लेखकाला फोनवर वाचून दाखवते.

सगळं सुरळीत चालू असताना एक दिवस टॅब बंद पडला. एका पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत उपशीर्षकं आत सरकवत होते. टॅब दाबला की ओळ सरकेना, कर्सरच मजकुरातून नाहीसा व्हायचा. मी संगणक बंद करून चालू केला, कीबोर्ड झटकला. मग खालच्या पट्टीवर ‘टॅब मूव्ज फोकस’ अशी अक्षरं दिसली. कंट्रोल-एम दाबलं गेलं होतं. त्याने टॅबचं काम बदलतं, तो मजकुरात जागा सोडण्याऐवजी पडद्याच्या पुढच्या भागावर उडी मारतो. पुन्हा कंट्रोल-एम दाबलं की पूर्ववत. माउस न वापरणाऱ्यांना, पडदावाचक वापरणाऱ्या अंध मित्रांना ही सोय गरजेची आहे, त्यांनी ती काढू नये. मला ती लागत नाही. तक्त्यात त्या ओळीवर उजवं क्लिक करून काढून टाकली. शॉर्टकटच्या फाइलमध्ये त्या कामाचं नाव उणे चिन्ह लावून आलं. काढलेल्या गोष्टीचीही नोंद तिथे राहते हे तेव्हा कळलं.

आणखी एक भांडण एडिटर आणि विंडोजमधलं आहे. शिफ्ट-आल्ट आणि खालचा बाण दाबला की परिच्छेदाची नक्कल खाली तयार होते. पण विंडोजमध्ये डावा आल्ट आणि शिफ्ट म्हणजे भाषा बदलणं. बाण दाबायच्या आत बोटं सुटली की नक्कल होत नाही, भाषा बदलते. सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं जायचं. तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये आल्ट-शिफ्ट काढून टाकता येतं. विंडोज-स्पेस चालू राहतं, तेवढं पुरतं. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची एक चौकट आहे. तिच्यावर खूण केल्यापासून एडिटर मराठीत आणि ब्राउझर इंग्रजीत राहतो. ही खूण मी आधी केली असती तर अर्धा त्रास वाचला असता.

ज्यांना चिन्हांच्या बटणांवरच शॉर्टकट हवेत त्यांच्यासाठी एक सोय आहे. फाइलमध्ये बटणाचं नाव चौकटी कंसात लिहिलं तर एडिटर त्यावरचं अक्षर बघत नाही, कीबोर्डवरची जागा बघतो. मला गरज पडली नाही, पण मराठी-इंग्रजी सारखं बदलत काम करणाऱ्याने हे करून बघावं.

एका वेळी दोनच शॉर्टकट, हे मी पाळलं. ते हातात बसले, वही न बघता दाबले जाऊ लागले, की पुढचे दोन. भाच्याने तयार शॉर्टकटचा एक छापील कागद दिला होता. हेल्प मेनूतून तो कुणालाही मिळतो. मी तो भिंतीला लावला, पण त्यातले बरेचसे शॉर्टकट मजकुराच्या कामाचे नाहीत. माझ्या उपयोगाचे तेवढे पेन्सिलने अधोरेखित केले. आल्ट आणि वरचा-खालचा बाण, परिच्छेद जागेवरून हलवायला. कंट्रोल-डी, तोच शब्द पुढे जिथे आहे तिथेही निवडायला, म्हणजे एका नावाचं शुद्धलेखन चार ठिकाणी एकदम सुधारता येतं. यात पुढचे शब्द डोळ्यांनी पाहूनच पुढे जावं. ‘राम’ निवडून कंट्रोल-डी दाबत गेलं की ‘आराम’मधला ‘राम’ही पकडला जाऊ शकतो.

शॉर्टकटच्या फाइलची एक प्रत मी पेनड्राइव्हवर ठेवते. एडिटरमध्ये खातं उघडून सेटिंग आपोआप दुसऱ्या संगणकावर नेण्याची सोयही आहे, मात्र विंडोजचे शॉर्टकट विंडोजवरच जातात, मॅकवर वेगळे धरले जातात. प्रत्येक शॉर्टकटच्या वर दोन तिरप्या रेघा देऊन तो का लावला ते मी मराठीत लिहिते. काही महिन्यांनी फाइल उघडली तर स्वतःलाच उलगडा व्हावा म्हणून.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंनी माझी फाइल मागितली. मी दिली, पण त्याआधी त्यांना म्हटलं, “ताई, तुम्ही आठवडाभर वहीत रेघा ओढा, मग बघू.” त्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांचं काम करतात. त्यांच्या वहीत अवतरणचिन्ह जवळजवळ नव्हतंच. बरोबरचं चिन्ह, अंशाचं चिन्ह आणि घातांकाचे छोटे आकडे होते. इनस्क्रिप्टमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या बटणावर ृ आहे. त्यांचं एफ-९ आता = टाकतं. माझ्या फाइलमधलं त्यांनी फक्त शंकेचं बटण घेतलं.

बिनसलं तर काय, हे त्यांनी विचारलं होतं. एखादाच शॉर्टकट नको असेल तर तक्त्यात त्या ओळीवर उजवं क्लिक करून ‘रिसेट’ निवडायचं. सगळेच बिघडले असतील तर शॉर्टकटच्या फाइलमधला मजकूर कापून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायचा, मूळ फाइल रिकामी सेव्ह करायची. एडिटर पहिल्या दिवशी होता तसा होतो, आणि आपल्या पुस्तकांच्या फाइलींना काहीही होत नाही. मग कापून ठेवलेल्यातून एकेक शॉर्टकट परत आणायचा आणि प्रत्येक वेळी तो दाबून बघायचा.